सुटीत तळमजल्याच्या दोन खोल्या उघड्या ठेवा

सुटीच्या आधी निघणाऱ्या आपल्या वार्तापत्रात दरवर्षी ठरावीक लेख असतात, आणि ते असावेतही. सुटीत कोणती पुस्तके वाचावीत, अक्षर कसे सुधारावे, आजोळी गेल्यावर काय काय पाहावे. मी शाळेत होते तेव्हा यांतले निम्मे लेख मीच लिहिलेले आहेत. या खेपेस संपादकांनी पुन्हा लेख मागितला तेव्हा मी त्यांना सांगितले की विषय सुटीचाच घेईन, पण ज्या घरांत सुटीची वाट कोणी पाहत नाही त्या घरांबद्दल लिहीन.

अशी घरे आपल्यात आहेत. त्यांतले एक माझे. माझा नातू अकरा वर्षांचा आहे. त्याला स्वमग्नता आहे, आणि सोबत बौद्धिक दिव्यांगत्वही आहे. तो शहरातल्या एका विशेष शाळेत जातो. आपल्या शाळेच्या वर्गांतूनही विशेष गरजा असलेली मुले बसतात. वर्गशिक्षकांना ती नावानिशी ठाऊक असतात, बाकीच्यांना ‘तो जरा वेगळा मुलगा’ एवढीच त्यांची ओळख असते.

२०२५ साली तेलंगणात शाळांना दसऱ्याची सुटी २१ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर अशी तेरा दिवस होती. त्याच वर्षी उन्हाळ्याची सुटी २४ एप्रिल ते ११ जून, म्हणजे एकोणपन्नास दिवस. शिवाय संक्रांतीची वेगळी. पुण्या-मुंबईकडच्या आपल्या नातलगांना नवल वाटते की इथे दिवाळीला जेमतेम एक दिवस शाळा बंद असते आणि दसऱ्याला मात्र दोन आठवडे. बतुकम्मा हा इथला मोठा सण, तेव्हा ते रास्तच आहे. आपण मराठी माणसेही घट बसवून, मुलींचा भोंडला मांडून त्या सुटीचे सोने करतोच. पण माझ्या नातवाला घट समजत नाहीत आणि सुटीही समजत नाही. त्याला समजते ती पावणेआठची बस.

सुटीच्या पहिल्या सकाळी तो साडेसातला दप्तर पाठीला लावून फाटकाशी जाऊन उभा राहतो. आठ वाजतात, सव्वाआठ होतात. नऊच्या सुमारास बस येणार नाही हे त्याच्या ध्यानात येते आणि तो स्वतःच्या मनगटाला चावू लागतो. हे दोन-तीन दिवस चालते. चौथ्या दिवसापासून झोप बिघडते, त्याची आणि मग घरातल्या सर्वांचीच. कालनिर्णयावर सुटीच्या दिवसांना रंगीत टिकल्या लावायच्या आणि रोज रात्री एक टिकली काढायची, अशी युक्ती त्याच्या शिक्षिकेने आम्हाला शिकवली. तिचा उपयोग होतो. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी जरूर करून पाहावी. मात्र ती सुटी लागायच्या आठवडाभर आधी सुरू करायला हवी. आम्ही पहिल्या वर्षी सुटीच्या दिवशीच सुरू केली होती आणि त्याने सगळ्या टिकल्या एकदम ओरबाडून काढल्या.

अडचण अशी की सुटीत फक्त शाळा बंद होत नाही. बोलायला शिकवणाऱ्या ताई गावी जातात. व्यायाम घेणारे डॉक्टर आठवडाभर दवाखाना बंद ठेवतात. बसमधल्या आयाबाई, ज्यांचा हात धरल्याशिवाय तो पायरी चढत नाही, त्याही नसतात. वर्षभर पाच-सहा माणसांनी मिळून उचललेले ओझे एका दिवसात एका घरावर येते, आणि घरात बहुधा एकाच बाईवर. माझी सून बँकेत आहे, मुलगा खाजगी कंपनीत. सुटीत नातवाला मी सांभाळते. मी आता अडुसष्ट वर्षांची आहे आणि तो झटका देऊन रस्त्याकडे धावला तर त्याला थोपवण्याइतका जोर माझ्या हातांत राहिलेला नाही. ही तक्रार म्हणून सांगत नाही. ज्यांच्याकडे आजीही नाही त्यांचे काय होत असेल याचा अंदाज यावा म्हणून सांगते.

पालकसभेत हा विषय निघाला की कोणीतरी म्हणते, ‘पण सरकार यांच्यासाठी पुष्कळ करते ना?’ तर त्याचा नीट विचार करू.

कायदा चांगला आहे. १९९५ च्या कायद्यात सातच प्रकारच्या अपंगत्वांचा उल्लेख होता. त्याच्या जागी आलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात एकवीस प्रकार आहेत, स्वमग्नताही आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, मग ते जवळच्या शाळेत असो की विशेष शाळेत. कलम १६ तर प्रत्येक शाळाचालकाने फ्रेम करून लावावे असे आहे. प्रवेश देताना भेदभाव करायचा नाही, इमारत सर्वांना वापरता येईल अशी करायची, गरजेप्रमाणे सोय करून द्यायची, जाण्यायेण्याची व्यवस्था करायची. आणि त्यात खेळ व करमणूक यांच्या संधीही इतर मुलांच्या बरोबरीने द्यायच्या, असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे सहल, स्नेहसंमेलन, क्रीडादिन हे ‘जमले तर’ या सदरातले नाहीत.

पण हा कायदाही शाळेच्या घंटेबरोबर थांबतो की काय असे कधी कधी वाटते. एक लहानसे उदाहरण देते. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलींना दरमहा दोनशे रुपयांचा भत्ता आहे. रक्कम थोडी आहे, ती बाजूला ठेवू. तो भत्ता वर्षातले दहा महिने मिळतो. दहा महिने शाळेचे असतात, मुलगी मात्र बाराही महिने त्याच घरात, त्याच गरजांसह असते. योजना आखणारी माणसे दुष्ट नव्हती. त्यांच्यासमोर शाळेची दिनदर्शिका होती, घराची नव्हती, इतकेच.

कलम २४ मध्ये, ज्यांना फार आधार लागतो अशा दिव्यांगांसाठी सांभाळ करणाऱ्याचा भत्ता असावा, असेही म्हटले आहे. मात्र त्याच कलमात सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत असे शब्द आहेत. राष्ट्रीय न्यासाची ‘समर्थ’ ही योजना पालकांना काही दिवस विसावा मिळावा, मुलाला तेवढ्यापुरते विश्वासू जागी ठेवता यावे याच विचारातून निघाली. विचार उत्तम आहे, पण अशी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि सुटीच्या दिवसांत तिथे जागा मिळेल या भरवशावर कोणी गावचे तिकीट काढत नाही.

तिकिटाचा विषय निघालाच आहे तर रेल्वेची सवलत सांगते, कारण आपल्यातल्या पुष्कळ पालकांना ती माहीत नाही असे मला आढळले. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणारे बौद्धिक दिव्यांग आणि हातापायांनी अपंग, पूर्ण अंध, आणि पूर्णपणे मूकबधिर अशा चार प्रकारांना ही सवलत आहे. बौद्धिक दिव्यांग मुलाला स्लीपर आणि तिसऱ्या वर्गाच्या एसीत भाड्यात ७५ टक्के, पहिल्या-दुसऱ्या एसीत ५० टक्के, आणि सोबतच्या एका माणसालाही तेवढीच. मार्च २०२० मध्ये करोनामुळे बऱ्याच सवलती काढून घेतल्या तेव्हा ही मात्र चालू राहिली. आमच्याकडे त्यातून गंमत झाली. ज्येष्ठ नागरिक म्हणून माझी सवलत गेली आणि नातवाची सोबतीण म्हणून मला पाऊणपट सूट मिळू लागली. नांदेडला माहेरी जाताना मी त्याला म्हणते, बाबा, आता तूच मला नेतोस.

यात एक मोठी गोम आहे. त्या चार प्रकारांत स्वमग्नतेचे नाव नाही. ज्या मुलाला फक्त स्वमग्नता आहे, बुद्ध्यांक चांगला आहे, पण फलाटावरच्या भोंग्याने जो जमिनीवर लोळण घेतो, त्याच्या आईला खिडकीवर सांगायला शब्दच नसतो. कायद्याने एकवीस प्रकार मानले, खिडकीने चार. आणि सवलतीसाठी रेल्वेचे स्वतंत्र ओळखपत्र लागते. त्याचा अर्ज आधी करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात धावाधाव करून ते हाती येत नाही.

विमानाने जाणाऱ्यांनाही हे चुकलेले नाही. ७ मे २०२२ रोजी, ऐन सुटीत, रांचीहून हैदराबादला येणाऱ्या विमानात एका दिव्यांग मुलाला चढू दिले नाही. तो बिथरला आहे, इतर प्रवाशांना धोका होईल, असे कर्मचाऱ्यांचे म्हणणे. त्याच विमानाने निघालेले डॉक्टर प्रवासी मुलाच्या बाजूने उभे राहिले, तरी आई-वडील आणि मूल खालीच राहिले. पुढे विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या कंपनीला पाच लाखांचा दंड केला आणि जुलै २०२२ मध्ये नियम बदलून सांगितले की डॉक्टरने प्रत्यक्ष तपासल्याशिवाय कंपनीने अशा प्रवाशाला परस्पर नाकारू नये. नियम झाला हे बरे झाले. पण मला त्या बातमीत दुसरीच गोष्ट दिसली. मूल बिथरले ते तासन्‌तासांच्या प्रवासाने आणि अनोळखी गर्दीने. थोडी शांत जागा, थोडा वेळ, एक धीराचा माणूस एवढ्यावर ते निभावले असते. आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात नेमक्या याच तीन गोष्टी नसतात, आणि मग आपण म्हणतो, ‘त्याला गर्दी सोसत नाही, त्याला नका आणू.’

आता पालकांच्या रजेबद्दल. केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या आयांना, आणि एकट्याने मूल वाढवणाऱ्या वडिलांना, संपूर्ण नोकरीत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. एरवी मूल अठरा वर्षांचे होईपर्यंतच ती घेता येते, दिव्यांग मुलासाठी २०१८ पासून वयाची अट राहिलेली नाही. रेल्वेत किंवा केंद्राच्या कार्यालयांत असलेल्या पालकांनी हे आपल्या कार्यालयात विचारावे. २०१४ च्या एका आदेशानुसार अशा मुलाला सांभाळणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदल्यांतून सूट मागता येते, हेही ठाऊक असावे. २२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशातल्या एका सरकारी महाविद्यालयाच्या प्राध्यापिकेच्या खटल्यात राज्य सरकारला बजावले, की विशेष गरजा असलेल्या मुलांच्या आयांना अशी रजा देण्याचा विचार करा, बायकांनी नोकरी करणे ही कोणी त्यांच्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. मुलाच्या जन्मजात आजारात तिच्या साऱ्या रजा संपल्या होत्या. हा निकाल वाचला तेव्हा माझी सून काही बोलली नाही, पण त्याचे कात्रण अजून तिच्या पर्समध्ये आहे. खाजगी नोकरीतल्या आई-बापांना यातले काहीच लागू नाही. त्यांना सुटी म्हणजे बिनपगारी रजा, नाहीतर राजीनामा. माझ्या ओळखीच्या दोघी जणींनी राजीनामा दिला. दोघीही आपल्याच शाळेच्या विद्यार्थिनी.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते, कारण सुटी लागल्यावर ते आठवून उपयोग नसतो. यूडीआयडी कार्ड करून घ्यावे. ज्यांच्याकडे पूर्वीचा ‘सदरेम’चा दाखला आहे त्यांनीही करावे. चाळीस ते ऐंशी टक्क्यांच्या आत पिवळी पट्टी, ऐंशी आणि वर निळी. निवृत्तिवेतनासारखी दरमहा मदत तेलंगणात जुलै २०२३ पासून ४,०१६ रुपये आहे, तिला उत्पन्नाची व इतर अटी आहेत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांसाठी ‘निरामय’ आरोग्यविमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंतचा, आणि त्यात बाह्यरुग्ण उपचार व थेरपीचाही खर्च काही मर्यादेत मिळतो. त्याचे नूतनीकरण मार्चअखेर विसरले तर नेमकी उन्हाळ्याची सुटी विम्याविना जाते. आमची एकदा गेली. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत राहणाऱ्यांना अशा अवलंबितासाठी ७५ हजारांची, आणि दिव्यांगत्व ऐंशी टक्क्यांवर असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते. नव्या पद्धतीत ती नाही, तेव्हा पद्धत निवडताना विचारून घ्यावे.

हे सगळे मिळाले तरी सुटीतल्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता मुलाला कुठे न्यायचे हा प्रश्न सुटत नाही. पैसा, सवलत, रजा यांतले काहीच ती जागा नाही. जागा ही शाळेनेच द्यायची असते, म्हणून हा लेख मी सरकारी कचेरीला न पाठवता आपल्या वार्तापत्राला दिला.

इथे मला स्वतःबद्दल एक गोष्ट सांगणे भाग आहे. विश्वस्तांकडे काही मागण्याआधी ती सांगितली नाही तर मागण्याचा मला अधिकार नाही.

१९९४ च्या डिसेंबरात सातवीची सहल नागार्जुनसागरला जायची होती आणि सहलीची जबाबदारी माझ्याकडे होती. त्या वर्गात एक मुलगा होता. सांगितलेले त्याला उशिरा समजे आणि चालताना तोल जाई. आपण त्या काळी अशा मुलांना सरसकट मतिमंद म्हणत असू, शिक्षकांच्या खोलीत तर निःसंकोच. त्याची आई मला भेटायला आली. म्हणाली, ‘बाई, मी सोबत येते. माझे पैसे वेगळे भरते. त्याने आठ दिवसांपासून पिशवी भरून ठेवली आहे.’ मी म्हटले, ‘एवढ्या मुलांत त्याची जबाबदारी कोण घेणार? पाण्याची जागा आहे. पुढच्या वर्षी बघू.’ बाईंनी वाद घातला नाही. सहलीच्या दिवशी पहाटे ती त्याला घेऊन शाळेच्या फाटकाशी आली होती, बस पाहायला म्हणून. बस निघाली तेव्हा तो सगळ्यांना हात हलवून निरोप देत होता. पुढच्या जूनमध्ये तो शाळेत आला नाही. पुढचे वर्ष आलेच नाही.

तेव्हा असा कायदा नव्हता, १९९५ चा कायदासुद्धा व्हायचा होता, असे मी म्हणू शकते. पण ती आई सोबत यायला तयार होती, आणि तिला नाही म्हणायला मला कोणत्याही कायद्याने सांगितले नव्हते. मला त्रास नको होता, इतकेच खरे. त्या बाई मला अजून कधी कधी सुलतान बाजारात भेटतात. मुलगा आता चाळिशीत आहे, घरीच असतो. त्या मला अजून ‘बाई’ म्हणतात आणि माझ्या नातवाची चौकशी करतात. मी त्या सहलीबद्दल त्यांच्याशी आजवर बोलू शकलेले नाही.

तर विश्वस्त मंडळींना माझी विनंती अशी आहे. उन्हाळ्याच्या एकोणपन्नास दिवसांपैकी वीस दिवस आणि दसऱ्याच्या तेरांपैकी पाच दिवस, सकाळी साडेआठ ते साडेअकरा, तळमजल्याच्या दोन खोल्या विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी उघड्या ठेवाव्यात. एका खोलीत खेळ, चित्रे, माती, गाणी. दुसरी खोली रिकामी, पडदे लावलेली, फक्त दोन सतरंज्या, ज्याला आवाज नको त्याने तिथे बसावे. अभ्यास नको. मे महिन्यातले ऊन पाहता साडेअकराला मुले घरी पोहोचलेली बरी. आई-बापांना तीन तास मिळतात. तीन तासांत बँकेचे काम होते, धाकट्या भावंडाला पोहायला नेता येते, आणि क्वचित नुसते झोपताही येते. विशेष मुलांच्या भावंडांची सुटी कशी जाते यावर कोणी लिहीत नाही, त्यावर खरे तर वेगळा लेख हवा.

माणसे कुठून आणायची, असे विचारले जाईल. इतर शहरांनी विचारले तर मी समजू शकते, हैदराबादने विचारू नये. १९८४ साली स्थापन झालेली, मनोविकासनगरातली राष्ट्रीय संस्था, जिला पूर्वी मानसिक विकलांग संस्थान म्हणत आणि जिच्या नावात आता बौद्धिक दिव्यांगजन सशक्तिकरण आहे, ती आपल्याच शहरात आहे. देशभरातून पालक आगगाडीने रात्र-रात्र प्रवास करून तिथे मुलांना आणतात. आपल्याला तिथे जायला फार तर तासभर लागतो. तिथून विशेष शिक्षणाचे पदवीधर दरवर्षी बाहेर पडतात. पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली एक विशेष शिक्षिका वीस दिवसांसाठी मानधनावर मिळणे अवघड नाही. सोबत एक आयाबाई. मुलांचा खाऊ. हा सगळा खर्च मी मांडून पाहिला. स्नेहसंमेलनाच्या मंडपावर आणि लाउडस्पीकरवर आपण जेवढे घालवतो त्यापेक्षा तो कमीच येतो.

‘आपल्या शाळेत अशी मुले आहेत किती?’ असेही म्हटले जाईल. चार असतील, सात असतील. मोजली तर कळेल. आणि आपल्या मराठी कुटुंबांतली जी मुले दुसऱ्या शाळांत जातात किंवा कुठेच जात नाहीत, त्यांनाही येऊ द्यावे. आपल्या वाडवडिलांनी निजामाच्या राज्यात मराठी शाळा काढल्या त्या वर्गात मुले किती येतील हे आधी मोजून काढल्या नव्हत्या.

‘काही झाले तर जबाबदारी कोणाची?’ या प्रश्नाची मला सर्वांत जास्त भीती वाटते, कारण १९९४ साली तो मीच विचारला होता. त्याचे उत्तर कागदावर देता येते. पालकांचे लेखी संमतिपत्र, मुलाच्या सवयी आणि औषधांची एका पानाची टिपणी, जवळच्या डॉक्टरांचा फोन भिंतीवर, फाटकाला कडी आणि फाटकाशी शिपाई. पहिल्या वर्षी प्रत्येक मुलासोबत घरचे एक माणूस बसले तरी चालेल. अगदी सुरक्षित शाळा फक्त बंद शाळाच असते, आणि ती आपण दर सुटीत चालवतोच.

विद्यार्थी मित्रहो, आठवी ते दहावीच्या तुमच्यापैकी काही जणांची मला या कामात गरज आहे. दया दाखवायला येऊ नका, कंटाळा येतो त्या मुलांना. कॅरम खेळायला या, माती मळायला या. त्याने उत्तर दिले नाही तर पुन्हा मोठ्याने विचारू नका, थांबा. त्याच्या देखत ‘याला काय झालंय?’ असे त्याच्या आईला विचारू नका, त्याला ऐकू येते. आणि दिवाळीत तुमच्या इमारतीत असे मूल असेल तर मोठा फटाका लावण्याआधी त्यांच्या दारावर टकटक करून सांगा. माझा नातू फटाक्याला घाबरत नाही, न सांगता वाजलेल्या फटाक्याला घाबरतो. फराळाला मात्र त्याला अवश्य बोलवा. चकल्या मोडून त्यांची वेटोळी एकाला एक जोडत बसेल, खाईल की नाही सांगता येत नाही.

पुढच्या विश्वस्त मंडळाच्या बैठकीत हा विषय घ्यावा, असे पत्र मी कार्यालयात दिले आहे आणि त्याची पोच घेतली आहे. विशेष शिक्षिकांच्या दोन नावांशी बोलणे झाले आहे. मंजुरी मिळाली तर वीसही दिवस मी सकाळी सव्वाआठला येऊन खोल्या उघडीन. तळमजल्याच्या म्हणते, त्याचे कारण पहिल्या मजल्याच्या जिन्याला कठडा फक्त एका बाजूने आहे. तो दुसऱ्या बाजूनेही बसवायचा आहे, पण त्यासाठी सुटीची वाट पाहायला नको.